वेशीबाहेरचे तीन दिवस आणि ‘अनुभवा’चे अधिष्ठान

मराठीच्या विद्यापीठीय संशोधनात एक प्रघात आता पुरता मुरला आहे. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात संशोधनपद्धतींची यादी येते. ऐतिहासिक, वर्णनात्मक आणि तौलनिक पद्धतींच्या पंक्तीला ‘प्रतिभासमीमांसात्मक’ पद्धतही बसवली जाते; हुसर्ल, हायडेगर आणि मेर्लो-पाँती ही तीन नावे एकाच वाक्यात ओवली जातात; आणि दुसऱ्या प्रकरणापासून शेवटच्या पानापर्यंत त्यांपैकी कोणाचीही पुन्हा गाठ पडत नाही. हा केवळ शिष्टाचाराचा भाग असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु या नामोल्लेखाच्या आडून दोन दावे केले जातात आणि ते दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की प्रतिभासमीमांसा हे मानव्यविद्यांचे अधिष्ठान आहे. इतिहास, समाजशास्त्र, लोकसाहित्याभ्यास, साहित्यसमीक्षा या सर्वांच्या खाली तिचा पक्का पाया घातलेला आहे आणि त्यावर कोणतीही इमारत निर्धास्तपणे चढवावी. दुसरा असा, की हा पाया ‘जिवंत अनुभवा’चा असल्याने अनुभवाशी इमान राखले म्हणजे ज्ञानाच्या प्रामाण्याची वेगळी चिंता करावी लागत नाही. पायाला हात लावायचा नाही आणि अनुभवाला प्रश्न विचारायचा नाही, असे एकदा ठरले की संशोधनाला करण्याजोगे उरते काय?

संज्ञेविषयी थोडेसे. ‘फिनॉमिनॉलॉजी’ला मराठीत सर्वमान्य असा एकच प्रतिशब्द रुळलेला नाही. येथे ‘प्रतिभासमीमांसा’ वापरली आहे ती सोयीपुरती. ‘प्रतिभास’ म्हणजे भ्रम नव्हे, तर जे जसे प्रत्ययाला येते ते. संज्ञेचा वाद याहून अधिक ताणण्यात हशील नाही. मराठीत शब्दांवरून झालेल्या वादांमुळे पुष्कळदा वस्तूवरून वाद करण्याचे राहून गेले आहे.

मूळ प्रश्न जुना आहे. विल्हेल्म डिल्टाय याने १८८३ मध्ये मानव्यविद्यांना निसर्गविज्ञानांपासून वेगळे काढून त्यांना स्वतःचे अधिष्ठान मिळवून देण्याचा प्रकल्प मांडला. एडमुंड हुसर्लने १९११ मध्ये तत्त्वज्ञान हेच काटेकोर शास्त्र व्हावे अशी मागणी केली. पण त्याआधीच, १९०० साली, त्याने एक गोष्ट निकालात काढली होती आणि तीच आज त्याचे नाव घेणारे विसरतात. तर्कशास्त्राचे नियम हे मनात घडणाऱ्या घटनांचे नियम नव्हेत, हे दाखवून त्याने मानसवादाचे खंडन केले. दोन आणि दोन चार होतात हे कोणाच्या मनाला कसे वाटते यावर अवलंबून नाही. जाणीव ही नेहमी कशाची तरी जाणीव असते. ती विषयाकडे अभिमुख असते. तेव्हा प्रतिभासमीमांसेला ज्या अनुभवात रस आहे तो कोणाच्या अंतःकरणात साठवलेला ऐवज नव्हे. काय प्रत्ययाला आले, कोणत्या रूपात आले, कोणत्या क्षितिजावर आले, आणि ते तसे प्रत्ययाला येण्यासाठी काय काय गृहीत धरलेले होते, हा तिचा प्रश्न आहे. हुसर्लचा विद्यार्थी रोमान इनगार्डेन याने १९३१ मध्ये साहित्यकृतीच्या अस्तित्वाचा विचार केला तेव्हा ती लेखकाच्या मनःस्थितीपासून आणि वाचकाच्या मनःस्थितीपासून कटाक्षाने वेगळी ठेवली, ती याच शिस्तीमुळे.

मराठी समीक्षेतील ‘अनुभव’ मात्र वेगळ्या घराण्याचा आहे. मर्ढेकरांनी वाङ्मयीन महात्मतेचा विचार करताना ‘आत्मनिष्ठे’ला कसोटीचे स्थान दिले. मर्ढेकरांकडे या कल्पनेला काही धार होती; पुढे ती बोथट होत जाऊन ‘अनुभवाची अस्सलता’, ‘अनुभूतीची उत्कटता’, ‘अनुभवाशी प्रामाणिक राहणे’ अशा प्रशस्तिपत्रकांत तिचे रूपांतर झाले. या समीक्षेत अनुभव ही लेखकाची मालमत्ता असते. ती त्याच्याजवळ आधीपासून असते, लेखनात तो ती बाहेर काढतो, आणि समीक्षक ती खरी की खोटी हे सोनाराच्या थाटात ठरवतो. ज्याच्या खंडनावर हुसर्लने आपला पहिला मोठा ग्रंथ उभा केला तीच भूमिका त्याच्या नावावर खपवली जावी, हा विनोद आहे. मात्र त्याची किंमत संशोधक विद्यार्थ्यांना मोजावी लागते.

या भूमिकेची कसोटी फ्रायबुर्गला जाऊन घेण्याची गरज नाही. ती मालवण तालुक्यातील आचरे येथे घेता येते. ग्रामदैवत श्री देव रामेश्वराचा कौल झाला की काही वर्षांच्या अंतराने या गावाची ‘गावपळण’ होते. माणसे घरे बंद करून गुरेढोरे, कुत्री आणि कोंबड्या यांच्यासह वेशीबाहेर पडतात. हद्दीपलीकडे झोपड्या, राहुट्या उभारून तीन दिवस आणि तीन रात्री काढतात. आणि मग पुन्हा कौल घेऊन, तो उजवा झाला की गाव भरतो. चिंदर आणि वायंगणी या शेजारच्या गावांतही गावपळणीची प्रथा आहे.

या प्रथेची स्पष्टीकरणे भरपूर आहेत आणि ती ऐकायला कोणालाही फार हिंडावे लागत नाही. पहिले आरोग्याचे. पूर्वी साथी येत, गाव मोकळा केला की हवा शुद्ध होई, पूर्वजांनी धर्माच्या आवरणात शास्त्र सांगितले, वगैरे. या स्पष्टीकरणाला इतिहासाचा थोडा आधार आहे हे मान्य केले पाहिजे. १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत महाराष्ट्रातील कितीतरी गावांतले लोक घरे सोडून माळावर झोपड्यांत राहिले होते, आणि २०२० च्या साथीचा अनुभव गाठीशी असलेल्या वाचकाला तर हे स्पष्टीकरण चटकन पटेल. परंतु त्यात कुत्र्या-कोंबड्यांना बाहेर का काढायचे याचे उत्तर नाही, देवाला का विचारायचे याचे नाही, आणि कौल डावा झाला तर मुक्काम का वाढवायचा याचेही नाही. शिवाय प्लेगपासून सुटका हाच हेतू असेल तर गावात एकटे राहणारे कोण? उंदीर! दुसरे स्पष्टीकरण सामाजिक एकात्मतेचे. एमिल दुर्खीमने १९१२ मध्ये धर्माचा जो अर्थ लावला त्याची ही सरळ उपयोजना: समूह स्वतःचीच पूजा करतो, तीन दिवस सर्वजण एका माळावर येतात, भेद विसरले जातात. तिसरे सत्तेचे: ज्यांच्या हाती देवस्थानचा मान त्यांच्या हाती गाव रिकामा करण्याची आज्ञा, आणि आज्ञा पाळली गेली की सत्ता सिद्ध होते. चौथे अलीकडचे आणि सर्वांत उथळ, वृत्तपत्रे व पर्यटनाच्या जाहिराती यांना सोयीचे: निसर्गाच्या सान्निध्यात अवघ्या गावाची सहल.

यांपैकी प्रत्येकात तथ्यांश असू शकेल; चौथ्यातही. आक्षेप स्पष्टीकरणांवर नसून क्रमावर आहे. ज्या गोष्टीचे वर्णनच अजून झालेले नाही तिचे कारण सांगितले जात आहे. ‘गाव तीन दिवस रिकामा होतो’ हे वाक्य वर्णन वाटते, पण ते बाहेरच्याचे वर्णन आहे. त्यात ‘गाव’, ‘तीन दिवस’ आणि ‘रिकामा’ या तिन्ही गोष्टी आधीच ठरवून टाकलेल्या आहेत.

प्रथम शब्दच पाहावा. माणसे गाव सोडून जातात, असे हा शब्द म्हणत नाही. गाव पळतो, असे म्हणतो. पळणारा गाव म्हणजे माणसे, गुरे, कोंबड्या. आणि मागे उरतो तोही गावच, म्हणजे घरे, विहिरी, देऊळ, वाटा. एरवी एकाच शब्दात एकजीव असलेले हे दोन गाव त्या तीन दिवसांत एकमेकांपासून अलग होतात आणि वेशीच्या दोन बाजूंना राहतात. परतण्याला ‘गाव भरणे’ म्हणतात. एक गाव दुसऱ्यात भरला जातो. हे वाक्चातुर्य नव्हे. रोजच्या वहिवाटीत जे इतके जवळ असते की दिसतच नाही, ते या प्रथेत काही काळ दूर धरले जाते. स्वतःचे घर दिसते, पण त्यात जाता येत नाही. नैसर्गिक वृत्तीला कंसात ठेवण्याची जी क्रिया हुसर्लने तत्त्वज्ञाच्या अभ्यासिकेत कल्पिली, तिच्याशी या प्रसंगाचे साम्य दाखवण्याचा मोह कोणालाही होईल. तो आवरला पाहिजे, कारण आचऱ्याचे लोक तत्त्वज्ञान करण्यासाठी वेशीबाहेर जात नाहीत. पण ‘रिकामा’ हा शब्द येथे चुकीचा आहे, एवढे मात्र त्यातून निश्चित होते. मागे राहिलेला गाव रिकामा नसतो. त्या दिवसांत तो देवाचा आणि भुताखेतांचा असतो, असेच सांगितले जाते.

तीच गोष्ट काळाची. संशोधक ‘तीन दिवस’ असे लिहितो तेव्हा तो बहात्तर तास मोजतो. पण परतणे कौलावर अवलंबून असेल तर राहुटीत बसलेल्या माणसाला ते तीन दिवस मिळालेले नसतात. त्याला एक वाट पाहणे मिळालेले असते. ते तीन दिवस होते हे ते संपल्यावरच ठरते. कालमापन आणि प्रतीक्षा यांतला हा भेद हुसर्लच्या काळविषयक व्याख्यानांचा गाभा आहे, आणि गावपळणीवरील लेखनात नेमका तोच हरवतो.

मग येतो श्रद्धेचा प्रश्न. ध्वनिमुद्रक पुढे करून संशोधक विचारतो, ‘यावर तुमचा विश्वास आहे का?’ या प्रश्नासरशी एक आज्ञा एका मताच्या पातळीवर आणली जाते. मत म्हटले की ते खरे तरी असते किंवा खोटे तरी. कौल हे मत नाही. तो मागितला जातो, मिळतो, मोडवत नाही. तो मिळतो म्हणजे काय होते, याचे वर्णन देव आहे की नाही या प्रश्नाच्या उत्तरावाचून करता आले पाहिजे. कंसात ठेवणे म्हणतात ते हेच. विवेकवादी अभ्यासक देवाचे अस्तित्व कंसात ठेवतो पण नास्तित्व बाहेर मोकळे सोडतो. भाविक अभ्यासक नेमके उलट करतो. दोघांनीही अर्धाच कंस वापरला आहे.

येथे आल्फ्रेड शुट्झची आठवण अपरिहार्य आहे. १९३२ मधील आपल्या ग्रंथात आणि पुढे अमेरिकेतील निबंधांत त्याने दाखवून दिले, की समाजशास्त्राचा विषय भौतिकीच्या विषयासारखा मुका नाही. अणू स्वतःविषयी काही म्हणत नाहीत, माणसे म्हणतात. सामाजिक वास्तव अभ्यासकाच्या हाती येते तेव्हा ते तिथे राहणाऱ्यांनी आधीच अर्थ लावलेले असते. म्हणून समाजशास्त्रज्ञाच्या संकल्पना दुसऱ्या पायरीवरच्या ठरतात आणि त्यांनी पहिल्या पायरीशी नाते राखले पाहिजे: अभ्यासकाने बांधलेले स्पष्टीकरण त्या कृतीच्या कर्त्याला त्याच्या व्यवहारी समजुतीच्या भाषेत कळण्याजोगे असावे. या अटीचा मराठीत सर्रास विपर्यास होतो. ‘कळण्याजोगे’ म्हणजे ‘मान्य होण्याजोगे’ नव्हे. आचऱ्याचा एखादा वृद्ध सत्तेचे स्पष्टीकरण ऐकून ते पूर्णपणे समजू शकतो आणि साफ नाकारूही शकतो. शुट्झची अट तेवढ्याने पुरी होते. देशीवादाच्या सवंग आवृत्त्यांना मात्र ती पुरेशी वाटत नाही. त्यांच्या मते गावाच्या प्रथेविषयी गावानेच बोलावे, अनुभवणाऱ्याचा शब्द अखेरचा, आणि परक्या सिद्धान्ताने त्यात तोंड घालू नये. ही भूमिका नम्र वाटते. प्रत्यक्षात तिच्यामुळे गावाला प्रश्न विचारण्याचा अधिकार गावातल्यांकडूनही काढून घेतला जातो.

अधिष्ठानाच्या दाव्यात आणखी एक अडचण आहे आणि ती खुद्द हुसर्लमध्ये आहे. १९३५ च्या मार्चमध्ये त्याने ल्युसियाँ लेव्ही-ब्रूल या मानववंशशास्त्रज्ञाला पत्र लिहून, परक्या समाजाच्या बंदिस्त जगात आतून शिरण्याचे काम किती मोलाचे आहे हे सांगितले. त्याच वर्षी मे महिन्यात व्हिएन्ना येथील व्याख्यानात त्याने युरोपचे आध्यात्मिक स्वरूप सांगताना एस्किमो, जत्रांतून प्रदर्शनास मांडले जाणारे अमेरिकेतील मूळनिवासी आणि युरोपभर भटकणारे जिप्सी यांना त्या युरोपातून वगळले. आणि भारतीय व चिनी विचाराला ग्रीक अर्थाने तत्त्वज्ञान म्हणणे ही अर्थाची गफलत आहे, असेही मांडले. बुद्धाच्या संवादांच्या जर्मन भाषांतराचे १९२५ मध्ये मनापासून स्वागत करणारा हाच माणूस. व्याख्यानाच्या वेळी तो स्वतः जर्मनीत ज्यू म्हणून बहिष्कृत झालेला होता. युरोपीय विज्ञानांच्या संकटावरील त्याचे लेखन १९३६ मध्ये बेलग्रेडमधून प्रसिद्ध करावे लागले. ही परिस्थिती ध्यानात घेऊनही त्या वगळण्याचे समर्थन होत नाही. आणि हा केवळ वैयक्तिक पूर्वग्रह म्हणूनही सोडून देता येत नाही. सर्व विज्ञानांच्या खाली एकच अढळ पाया घालायचा म्हटले की तो घालणारा कोणीतरी लागतो, आणि तो स्वतःच्या अंगणाला जग समजण्याचा संभव नेहमीच असतो. जितेंद्रनाथ मोहंती यांनी १९९२ मधील ग्रंथात भारतीय परंपरेतील बुद्धिविचाराची प्रतिभासमीमांसेच्या अंगाने जी मांडणी केली ती वाचणाऱ्याला हे वगळणे किती अनाठायी होते हे कळते. परंतु ‘आमच्याकडेही होते’ एवढ्यानेच समाधान मानणाऱ्यांनी मोहंतींचाही उपयोग फुशारकीसाठीच केला आहे.

तेव्हा १९३६ च्या त्या लेखनातून घ्यायचे ते अधिष्ठान नव्हे. तेथे हुसर्ल ‘जीवनविश्वा’विषयी बोलतो तेव्हा त्याचे रूपक अनेकदा बदलते, पायाऐवजी तो भूमी म्हणतो. हा भेद चिऱ्याची घरे बांधणाऱ्या मुलखात समजावून सांगण्याची गरज नसावी. पाया माणूस घालतो, तो मोजता येतो आणि एकदा घातला की विसरता येतो. भूमी कोणी घातलेली नसते. ती पायाखाली असते, खचते, आणि पुळणीवर तर दर पावसाळ्यात हलते. मेर्लो-पाँतीने १९४५ मध्येच बजावले होते, की कंसात ठेवण्याच्या क्रियेतून मिळणारा सर्वांत मोठा धडा म्हणजे ती पूर्णत्वाला नेता येत नाही हा. आपल्याकडे नावाच्या यादीत तो असतो, त्याचा हा धडा नसतो. फूको आणि देरिदा यांनी १९६६-६७ च्या सुमारास चैतन्याच्या सार्वभौमत्वावर घेतलेले आक्षेप वाचून ज्यांनी प्रतिभासमीमांसा मोडीत काढली त्यांनी पाया मोडीत काढला. भूमीचा प्रश्न त्यांच्याही पायांखाली तसाच राहिला.

भूमी म्हटले की ती कोणाची, हे विचारावे लागते. याच किनाऱ्यावरच्या देवळांत गाऱ्हाणे घातले जाते. मानकरी किंवा गुरव देवासमोर उभा राहून गावाच्या वतीने बोलतो आणि जमलेले लोक ‘होय महाराजा’ म्हणून त्याला साथ देतात. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी गाऱ्हाण्याची लय, त्यातील दैवतांची नामावळी, मालवणी बोलीचा डौल यांचे कौतुक केले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु गाऱ्हाण्यातील ‘आम्ही’ कोण, हा प्रश्न त्या कौतुकात बुडून जातो. बोलण्याचा मान कोणत्या घराण्याकडे, ‘होय महाराजा’ म्हणणाऱ्यांत कोण उभे असते, किती अंतरावर, आणि सभामंडपाच्या पायरीपलीकडे कोणाला आजही बोलावले जात नाही? गावपळणीच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. ‘सारा गाव वेशीबाहेर जातो’ या वाक्यात ‘वेस’ आणि ‘बाहेर’ हे शब्द सर्वांसाठी सारखेच असल्याचे गृहीत आहे. ज्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेरच ठेवली गेली त्यांना ‘बाहेर जाणे’ कसे प्रत्ययाला येते? तीन दिवस एका माळावर भेद विसरले जातात, असे दुर्खीमचा आधार घेऊन लिहिणाऱ्याने राहुट्या कोणत्या क्रमाने आणि कोणापासून किती लांब उभ्या राहतात हे मोजले आहे काय? डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवाची जी झाडाझडती घेतली तिच्यानंतर ‘गाव’ हा शब्द निरागसपणे वापरणे मराठी अभ्यासकाला शोभत नाही.

आणि स्त्रिया? मराठीत ‘बाहेर बसणे’ या शब्दप्रयोगाला एक अर्थ आहे आणि तो प्रत्येक घरात ठाऊक आहे. त्या अर्थानेही बाहेरपणाचे दिवस मोजलेले असतात, चूल निषिद्ध असते, परतण्याला विधी असतो. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून ज्या शरीराने दर महिन्याला घरातल्या घरात बाहेर राहणे शिकून घेतले त्या शरीराला गावपळणीतले ‘बाहेर’ पुरुषाइतके अपूर्व वाटेल, असे मानण्याला आधार नाही. उलट, त्या तीन दिवसांत चूल माळावर आली म्हणून कामाचे स्वरूप बदलले की फक्त जागा बदलली, हेही विचारावे लागेल. या प्रश्नाचे उत्तर येथे दिलेले नाही, कारण ते त्या स्त्रियांना विचारल्याशिवाय कोणालाच देता येणार नाही. एवढे मात्र निश्चित, की ‘गावाचा अनुभव’ असा एकवचनी शब्दप्रयोग करणाऱ्याला तो प्रश्न सुचणारच नाही.

अनुभवाच्या एकवचनाचे हे राजकारण साहित्यसमीक्षेत अधिक उघडपणे दिसते. ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, ‘उपरा’ १९८० मध्ये, ‘अक्करमाशी’ १९८४ मध्ये. त्यांच्या स्वागतात ‘अनुभवाची दाहकता’ हा शब्द इतक्या वेळा आला की तो त्या पुस्तकांच्या नावाचाच भाग वाटावा. ही स्तुती होती. पण ती करता करता एक वाटणी होऊन गेली. दलित लेखक अनुभव आणील आणि समीक्षक त्याचा विचार करील. आत्मकथनकाराने आपल्या जगण्याविषयी जे विचार मांडले, ज्या व्याख्या केल्या, जातीच्या यंत्रणेचे जे विश्लेषण केले, ते सारे ‘अनुभवा’च्या पोटात ढकलले गेले आणि त्याच्याशी वाद करण्याची जबाबदारी टळली. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये भारतीय समाजविज्ञानांच्या समतेविषयी प्रश्न उपस्थित करताना नेमक्या या वाटणीवर बोट ठेवले: सिद्धान्त मांडणारे ब्राह्मण आणि सामग्री पुरवणारे शूद्र. सुंदर सरुक्काई यांनी २००९ मध्ये अस्पृश्यतेची प्रतिभासमीमांसा मांडली तेव्हा अस्पृश्याच्या वेदनेपासून सुरुवात केली नाही. स्पर्शापासून केली, आणि न शिवणाऱ्याला विचाराच्या मध्यभागी आणून उभे केले. दोघांचा वाद पुढे २०१२ मध्ये ग्रंथरूप झाला. गुरू यांना अनुभवावाचून केलेल्या सिद्धान्ताच्या नैतिक अधिकाराविषयी शंका आहे. सरुक्काई अनुभवाच्या मालकीचा आणि त्यावर सिद्धान्त करण्याच्या हक्काचा संबंध तपासून पाहतात. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी याविषयी मतभेद होतील. परंतु ‘अनुभव आहे, म्हणून पुरे’ असे त्या दोघांपैकी कोणीच म्हणत नाही. मराठी समीक्षा मात्र अजून तेथेच घुटमळत आहे.

हीच वाटणी समुद्रावरही झालेली आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले आणि मच्छीमारांनी त्याला विरोध केला. त्या प्रश्नाच्या प्रशासकीय गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की नकाशावर आखलेल्या सीमेला ‘ज्ञान’ म्हटले गेले, आणि उधाण-भांग, वारा, पाण्याचा रंग, खडपांच्या जागा यांच्या आधारे रापण ओढणाऱ्याला जो समुद्र ठाऊक असतो त्याला ‘अनुभव’ म्हटले गेले. गॅलिलिओने निसर्गावर गणिताचे वस्त्र चढवले आणि पुढे ते वस्त्रच अंग समजले गेले, असे हुसर्ल १९३६ मध्ये म्हणत होता. रापणकाराचे ज्ञान चुकू शकते, त्याची तपासणी होऊ शकते, शास्त्रज्ञाशी त्याचा वाद होऊ शकतो. ‘अनुभव’ म्हणून आदराने बाजूला ठेवले की हे तिन्ही बंद होते.

गावपळणीवर प्रतिभासमीमांसेच्या शिस्तीने प्रबंध लिहायचा तर काय करावे लागेल? प्रथम ‘का’ हा प्रश्न पुढे ढकलावा लागेल. गाव भरल्यावर चौथ्या दिवशी जाऊन मुलाखती घेण्याऐवजी कौल मागण्याच्या आधीपासून तेथे असावे लागेल. वेस कोठे आहे हे महसुली नकाशावरून न ठरवता प्रत्येकाला ती कोठे लागते हे विचारत हिंडावे लागेल. एकाच माळावरची निदान चार-पाच ‘बाहेर’ वेगवेगळी नोंदवावी लागतील: मानकऱ्याचे, दलित वस्तीतल्याचे, राहुटीत भाकऱ्या भाजणारीचे, मुंबईहून त्यासाठी रजा काढून आलेल्या चाकरमान्याचे, गावातील मुस्लीम कुटुंबाचे. त्यानंतरच आरोग्य, एकात्मता, सत्ता या स्पष्टीकरणांना आत घ्यावे, आणि ज्याचे स्पष्टीकरण ती करीत आहेत ते वर्णनात सापडते का हे तपासावे. यात मानव्यविद्यांना अधिष्ठान मिळत नाही. त्यांच्या प्रत्येक विधानाला जेथे परत जाऊन उत्तर द्यावे लागेल अशी जागा मिळते.

असा प्रबंध आजच्या व्यवस्थेत नोंदवून घेतला जाणे मात्र कठीण आहे. संशोधनाचा आराखडा सादर करताना ‘गृहीतके’ या शीर्षकाखाली निष्कर्षाचा अंदाज आधीच लिहून द्यावा लागतो आणि कामाचे वेळापत्रक महिन्यांनुसार जोडावे लागते. आचऱ्याची पुढची गावपळण कोणत्या वर्षी, कोणत्या दिवशी, हे कौलावर ठरेल. ते वेळापत्रकात भरता येत नाही. आणि गृहीतकाची जागा कोरी ठेवून, ‘वर्णन होईपर्यंत गृहीतक मांडता येणार नाही’ असे एखाद्या विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे लिहिले, तर आराखडा त्रुटी पूर्ण करण्यासाठी परत येतो.